खुर्ची नेणं वेगळं, खुर्चीत बसलेला माणूस नेणं वेगळं

पत्र:
साहेब, नमस्कार. राजापूर तालुक्यात राहतो. माझी ईको आहे, पाच सीटर, सीएनजी, टी परमिट (टुरिस्ट टॅक्सीचं). राजापूर रोड स्टेशनची भाडी करतो, मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी, एरवी आडिवरे, गणपतीपुळे. दोन वर्षांपूर्वी माझ्या आतेला अर्धांगवायू झाला. ती आता आमच्याकडेच असते, व्हीलचेअरवर. तिला रत्नागिरीला व्यायामाला (फिजिओथेरपीला) न्यायचं म्हणजे आम्ही दोघं-तिघं मिळून उचलतो. आजूबाजूच्या वाड्यांत अशी अजून सात-आठ माणसं आहेत, त्यांचे घरवाले मलाच फोन करतात. वाटलं, आपण व्हीलचेअरची टॅक्सीच काढावी. गॅरेजवाला म्हणतो, सिलिंडर सरकवून, मागे पत्रा मारून, रॅम्प लावून देतो, तीस हजार दे. एजंट म्हणतो, अँब्युलन्स म्हणून पासिंग करून घे, कटकट नाही. यासाठी वेगळं लायसन्स लागतं का? जादा भाडं घेता येतं का? लंडनला खुर्ची थेट टॅक्सीत चढते असा व्हिडिओ बघितला, मग आपल्याकडे का नाही? शिमग्याला आतेला पालखी दाखवायची आहे, तोवर काम होईल का?
– एक टॅक्सीवाला

उत्तर:

गॅरेजवाल्याला आगाऊ पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर आजच जाऊन परत मागा. पुढचं सगळं निवांत वाचलंत तरी चालेल.

मोटार वाहन निरीक्षक म्हणून माझी बरीच वर्षं गेली ती कोकणातच, पासिंगच्या रांगेत उभ्या गाड्यांखाली वाकून बघण्यात. त्या काळात एक गाडी आली होती. व्हॅन होती, मालक खाडीकाठचा, मासेमारी सोडून गाडी धरलेला. बापासाठी मागच्या दाराला चेकर प्लेटचा रॅम्प केला होता आणि खुर्ची बांधायला तळाला चार हुक. दोरी होडीची, गाठी अशा की बघत राहावं. मी म्हटलं, मी बसतो खुर्चीत, तू गाडी हळू चालव आणि मी सांगेन तेव्हा ब्रेक मार. पोरगा हसला. वेग असेल वीसच्या आसपास. ब्रेक लागला आणि मी खुर्चीसकट ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन आदळलो. गाठ एकही सुटली नव्हती. पत्रा फाटला होता. हुक रिव्हेटने नुसत्या तळाच्या पत्र्याला मारले होते, खाली चासीला काही नाही. तो पोरगा पांढराफटक पडला, कारण बापाला तो तसाच चार महिने फिरवत होता.

तुमचा गॅरेजवाला "मागे पत्रा मारून देतो" म्हणतो ना, तेव्हा मला तो पत्रा दिसतो.

आता नियम. आपल्याकडे व्हीलचेअर टॅक्सी नावाचा वेगळा परवाना नाही. ड्रायव्हरला वेगळं लायसन्सही नाही. हलक्या वाहनाचं लायसन्स टॅक्सीला चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा पक्कं केलं आहे. तुमच्याकडे लायसन्स आहे, गाडी पिवळ्या पाटीची आहे, परमिट चालू आहे. आतेच्या वयाच्या बाईला गाडीत बसवून, तिची खुर्ची घडी करून मागे ठेवून, भाडं घेऊन तुम्ही आज संध्याकाळीसुद्धा नेऊ शकता. कुणाची परवानगी लागत नाही.

परवानगीचा प्रश्न येतो तो माणूस खुर्चीतून न उठता तसाच गाडीत चढणार असेल तेव्हा. बाहेरून बघणाऱ्याला ही दोन्ही कामं एकच वाटतात. पण पहिल्यात गाडी आहे तशीच राहते आणि खुर्ची म्हणजे फक्त सामान. दुसऱ्यात ती खुर्चीच गाडीची सीट होते. गाडीच्या सीटला जे काही लागतं, बोल्ट, पट्टा, चासीची पकड, ते सगळं तिला लागतं. शिवाय सीट काढली, तळ बदलला, रॅम्प लावला की गाडी आरसी बुकात लिहिल्यापेक्षा वेगळी होते.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ इथे आडवं येतं. कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसीत जशी नोंदली, त्यापेक्षा वेगळी करायची नाही, हा त्याचा गाभा. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी घट्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही वाढवली. बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला, हे लक्षात घ्या. सीट काढली हा एक, रॅम्प हा दुसरा, सिलिंडर सरकवला हा तिसरा.

आणि सिलिंडर सरकवणार म्हणजे काय? हे वाचून मी चष्मा काढून पुसला. ईकोत सिलिंडर मागेच असतो, म्हणजे नेमकी रॅम्पची जागा त्यानेच धरली आहे. तो कुठे बसवायचा, नळी कुठून न्यायची, त्याला कसं आवळायचं, हे सगळं मंजूर किटमध्ये ठरलेलं असतं आणि आरसीत त्याची नोंद असते. दर तीन वर्षांनी त्याची दाब-चाचणी करावी लागते ती उगाच नाही. ज्या गाडीतून माणूस आपल्या पायांनी पटकन उतरू शकत नाही, त्या गाडीत गॅसच्या नळीशी गॅरेजमध्ये खेळ करायचा? या एका कारणासाठी तुमची आताची गाडी रॅम्पच्या कामाची नाही, असं मी स्पष्ट सांगतो.

तुम्हाला कुणीतरी सांगेल, अहो २०१९ च्या दुरुस्तीत तर दिव्यांगांसाठी गाडी बदलायची सोय केली आहे. बरोबर आहे, केली आहे. नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने, घातलेल्या अटी पाळून, आपली गाडी दिव्यांगासाठी रूपांतरित करता येते. पण अशा गाडीच्या कायद्यातल्या व्याख्येत एक शब्द आहे, "केवळ". ती गाडी केवळ त्या व्यक्तीने किंवा केवळ त्या व्यक्तीसाठी वापरलेली असली पाहिजे. ज्याला पाय नाहीत त्याने हाताच्या ब्रेकची स्वतःची गाडी करून घ्यावी, यासाठी ती सोय आहे. सकाळी आतेला रत्नागिरीला आणि दुपारी मुंबईच्या चार पोरांना गणपतीपुळ्याला, हे त्या शब्दात बसवणं अवघड आहे. भाड्याच्या गाडीला ते चालेल का, हे तुमच्या आरटीओला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. खिडकीवरचं "चालतंय हो" पुढच्या निरीक्षकाला दाखवता येत नाही.

एजंटचा अँब्युलन्सचा सल्ला मात्र सरळ धुडकावून लावा. अँब्युलन्सला एआयएस-१२५ नावाचं स्वतंत्र मानक आहे, त्यात ए पासून डी पर्यंत प्रकार आहेत, नुसती रुग्ण ने-आण करणाऱ्या गाडीलाही त्यात अटी आहेत. म्हणजे कटकट कमी नाही, उलट वाढते, आणि पर्यटकांचं भाडं कायमचं बंद. पण मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. तुमची आते शिमग्याला जाणार आहे. ती आजारी आहे म्हणून जात नाही, पालखी बघायला जाते. तिने नवीन लुगडं नेसून अँब्युलन्समधून का उतरावं? वाडीतली निम्मी माणसं "काय झालं, काय झालं" करत धावत येतील.

कायदेशीर वाट कुठली, तर पुढच्या वेळी गाडी बदलाल तेव्हा. व्हीलचेअरसाठीच बांधलेली आणि चाचणी संस्थेची मंजुरी असलेली गाडी, किंवा असं मंजूर रूपांतर करून देणारा कारखाना शोधायचा. अशा मंजुऱ्या देणाऱ्या संस्थांपैकी दोन पुण्यातच आहेत, एआरएआय आणि सीआयआरटी. विकणारा माणूस गोड बोलेल, त्याला एकच विचारा: मंजुरीचं प्रमाणपत्र दाखव, आणि त्यावर माझ्या गाडीचंच मॉडेल आहे का ते दाखव. दुसऱ्या मॉडेलचं दाखवून खपवणारे मी पाहिले आहेत. ते असेल तर आधी आरटीओची मंजुरी, मग काम, आणि काम झाल्यापासून १४ दिवसांच्या आत आरसीत नोंद. गाडीवर कर्ज असेल तर त्याआधी बँकेची लेखी संमती. क्रम उलटा झाला की फाईल अडकते.

सीटची संख्या बदलली की नुसती आरसी बदलत नाही. कर, परमिट, विमा, सगळे त्या आकड्यावर उभे असतात. ड्रायव्हर सोडून सहा माणसांपर्यंत मोटार कॅब, सात ते बारा मॅक्सी कॅब. विमा कंपनीला बदल लेखी कळवून पॉलिसीवर नोंदवून घ्या. आरसी एक सांगते, गाडी दुसरंच दाखवते आणि पॉलिसी तिसरंच बोलते, अशा वेळी अपघात झाला तर तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल. फिटनेस तुम्हाला ठाऊकच आहे, आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

त्या गाडीत बघायचं काय? आधी आतेला खुर्चीत ताठ बसवा आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत टेपने मोजा. ब्रिटनमध्ये यासाठी एक नमुना खुर्ची धरतात, बसलेल्या माणसासकट १३५ सेंटिमीटर उंच, १२० लांब, ७० रुंद. त्या मापाला दार आणि आतली जागा पुरली पाहिजे. दारातून आत जाताना मान वाकवावी लागली तर ती गाडी नको. खुर्चीचं तोंड पुढे किंवा मागे, आडवं कधीही नाही. खुर्चीला चार ठिकाणी पट्टे, ते चासीशी जोडलेल्या पकडीत, आणि माणसाला स्वतंत्र कमरेचा व खांद्याचा पट्टा. खुर्चीचा पट्टा माणसाला धरत नाही आणि माणसाचा पट्टा खुर्चीला धरत नाही. टॅक्सीत पॅनिक बटन असतंच, खुर्चीत बसलेल्याचा हात तिथे पोचतो का तेही बघा.

रॅम्पचा हिशेब तुम्हीच करून बघा. गाडीचा तळ जमिनीपासून समजा ६० सेंटिमीटर, रॅम्प १८० चा. म्हणजे लांबीच्या एक तृतीयांश चढ. आते आणि खुर्ची मिळून ८० किलो धरली तर जवळपास २७ किलोचा जोर सतत लावून ढकलायचं, तेही पावसात, चिऱ्याच्या तांबड्या चिखलाने माखलेल्या चपलांनी. इमारतीच्या रॅम्पला बारास एक चढ मागतात, इतका फरक. बॅटरीची खुर्ची आली तर तिचं वजन साध्या खुर्चीच्या कितीतरी पट, मग माणसाचं काम नाही, विंच किंवा लिफ्टच हवी. उतरवताना खुर्ची उलटी घ्यायची, बसलेल्याचं तोंड गाडीकडे. आणि खाऱ्या हवेत बिजागऱ्या किती दिवस टिकतात हे समुद्रकाठच्या माणसाला मी काय सांगणार.

लंडनचं म्हणाल तर तुम्ही बघितलात तो व्हिडिओ खरा आहे. १ जानेवारी २००० पासून तिथल्या सगळ्या काळ्या टॅक्सींत व्हीलचेअर चढलीच पाहिजे, नाहीतर गाडीला परवानाच नाही. त्यांच्या २०१० च्या समानता कायद्यात ड्रायव्हरची कर्तव्यंही लिहून ठेवली आहेत: मदत करायची, खुर्चीतून सीटवर बसायचं म्हटलं तर खुर्ची सामानात न्यायची, आणि जादा पैसे घ्यायचे नाहीत. मोडलं तर हजार पौंडांपर्यंत दंड. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्याचं कलम ४१ सगळ्या वाहतुकीबद्दल बोलतं, जुन्या गाड्यांत बदल करून घेण्याबद्दलही बोलतं, पण "तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल, परवडत असेल" अशा पळवाटांसकट. बसगाड्यांना मार्च २०२० पासून दिव्यांगांसाठीच्या सोयी बंधनकारक झाल्या. टॅक्सीसाठी लंडनसारखी सक्ती झाली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला खडसावलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीचे ठेवू नका, सक्तीचे करा. त्याची धग टॅक्सीपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल.

भाड्याचं. टी परमिटवर भाडं आधी बोलून ठरतं, त्यामुळे तुम्हाला अडवणारं कुणी नाही. तरी माझं मत ऐकायचं असेल तर खुर्चीचे पैसे घेऊ नका. थांबण्याचे घ्या. रत्नागिरीला व्यायामाला तासभर थांबलात तर पर्यटकाकडून तासाचं जे घेता तेच आतेसारख्यांकडून घ्या, फोनवरच सांगून. चढवायला पंधरा मिनिटं जास्त लागतात, ती सोडून द्या. सात-आठ घरं महिन्यातून दोनदा तुम्हालाच बोलावणार असतील तर वर्षभराचं बांधीव भाडं आहे ते, वडापच्या रांगेत मिळणार नाही असं.

एक राहिलं. गाडी नसेल तेव्हा शेजारच्याची पांढऱ्या पाटीची गाडी घेऊन पैसे घेऊन फेरी मारू नका. परमिटशिवाय भाडं मारलं तर पहिल्याच वेळी दहा हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने नेणं याला कायद्यात सूट आहे, पण व्यायामाची ठरलेली तारीख म्हणजे तातडी नव्हे.

आता शिमगा. तोवर नवी गाडी होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. ईकोचं बाजूचं दार सरकतं, तोंड रुंद, मागची बाकासारखी सीट सलग. तुमची अडचण अशी की सीट उंच आणि खुर्ची बुटकी, म्हणून तिघांनी उचलायचं. तुमचं घर उतारावर असेलच, आपल्याकडे कुणाचं नसतं? गाडी खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, खालच्या बाजूला, कडेला अगदी चिकटवून लावून बघा. खळं वर, गाडी खाली. खुर्चीची बैठक आणि गाडीची सीट एका पातळीवर आली की मध्ये गुळगुळीत फळी टाकायची, खुर्चीचे ब्रेक लावायचे, खुर्चीचा बाजूचा हात (हात टेकायचा दांडा) काढायचा आणि आतेला सरकवायचं. एक माणूस पुढून, एक पाठीमागून, उचलायचं नाही. व्यायाम घेणाऱ्या ताईंना एकदा घरी बोलावून त्यांच्याकडून हे शिकून घ्या, कारण अर्धांगवायूत दुबळ्या बाजूचा खांदा ओढला तर निखळतो. आणि हात लावायच्या आधी दर वेळी आतेला विचारा, कुठून धरू. तिला जास्त कळतं.

खुर्चीची चाकं सुटी होणारी असतील तर काढून ठेवा, सिलिंडरपाशी घडी मावते का ते आधी रिकामी गाडी असताना बघा, आणि बांधा. वीस किलोची मोकळी खुर्ची ब्रेकला काय करते ते मी वर सांगितलंच आहे, फक्त तेव्हा तिच्यात मी होतो.

उतरायच्या ठिकाणी खळं मिळेलच असं नाही, तिथे उचलता रॅम्प कामाला येतो, गाडीला न जोडलेला. तो आरसीत लिहावा लागत नाही. मंदिराच्या दोन पायऱ्या, दवाखान्याचा उंबरा, असल्या ठिकाणी रिकामी नव्हे, माणसासकट खुर्ची त्यावरून जाते, म्हणून वजन पेलणारा आणि खरखरीत पृष्ठभागाचा घ्या. वर काथ्याचं पायपुसणं टाकतात लोक, ते घसरतं. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ग्रामसभेत उठून सांगा की एक रॅम्प घ्या आणि पंचायतीत ठेवा, सात-आठ घरांची नावंही द्या. पुढच्या गाडीसाठी कर्ज बघत असाल आणि त्या घरांतला कुणी चाळीस टक्क्यांवरचा दिव्यांग भागीदार व्हायला तयार असेल, तर राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त महामंडळाच्या योजनेची चौकशी करा.

पालखी जिथे नाचवतात त्या सहाणेपर्यंत गाडी जाते की शेवटचा टप्पा पाखाडीचा, दगडी पायऱ्यांच्या वाटेचा, आहे? तुम्ही लिहिलं नाहीत. पाखाडी असेल तर कुठलीच टॅक्सी कामाची नाही, गुरवाला आणि मानकऱ्यांना आजच भेटा आणि पालखी रस्त्याच्या कडेला दोन मिनिटं खाली घेता येईल का विचारा. घरोघरी फिरते ती, तुमच्याकडेही येतच असेल. पण आतेला घरी आलेली पालखी बघायची आहे की सहाणेवर नाचणारी, हेही तिलाच विचारा. आणि खुर्चीसकट उंचीचं माप कळवा, नवीन गाडीचं तेव्हा बोलू.